खांदेमळणी: देवभोळेपणा की बैलाची देखभाल?

परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीची ओळख नृसिंहाच्या देवळाची. पण इथल्या दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याची श्रद्धा पाहायची, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात पाहावी. बैलाच्या मानेवर जिथं जू टेकतं, ती जागा गरम पाण्यानं शेकायची, मग हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचं. ही खांदेमळणी. ती येते कधी ते बघा. श्रावण अमावस्येपर्यंत सोयाबीन दाटून येतं, कोळपणी आटोपते आणि पेरणीपासून जू वाहिलेला खांदा घासून निघालेला असतो. जनावरांचे डॉक्टर ज्याला खांदेसूज म्हणतात, ती अशा घासण्यातूनच सुरू होते. म्हणजे कृतज्ञतेची तिथी कामाच्या मोसमाला नेमकी बांधलेली आहे. नुसत्या पूजेपेक्षा हा सण मला म्हणूनच शहाणा वाटतो.

“एक दिवस पुरणपोळी, वर्षभर चाबूक” हा आक्षेप निघतो, आणि तो खोटा नाही. चिघळलेला खांदा हळदीनं बरा होईल असंही नाही. तिथं डॉक्टरच लागतो आणि जू उतरवावंच लागतं. पण निदान त्या दिवशी मालकाचा हात तिथं फिरतो, गाठ असली तर बोटांना लागते. आता ट्रॅक्टर आले, मग पोळा कशाला? उभ्या पिकाच्या अरुंद तासांत कोळपं ओढायला अनेक लहान शेतकऱ्यांना अजून बैलजोडीच लागते. लाल कंधारी बैलाचं नाव झालं ते अशाच कष्टामुळं. ज्यांच्या दावणीला बैल उरले नाहीत, ते मातीचे पुजतात. त्याला मी दिखावा म्हणणार नाही, पण ती देखभालही नव्हे.

तुमच्याकडं खांद्याला काय लावतात?