समुद्राविना बंदर

'बंदर' हा शब्द मराठीला फारसीने दिला. बंदर म्हणजे गलबताला आसरा. लवासात दासवे गावच्या तळ्याकाठी उभा राहिलो की मला हा शब्द आठवतो. पिवळ्या, केशरी, तांबूस इमारतींची रांग पाण्यात उतरलेली दिसते. सगळा थाट बंदराचा, फक्त समुद्र नाही.

हा थाट इटलीतल्या पोर्तोफिनोचा. जिनोव्हाजवळचं हे गाव आजही जेमतेम काही शे वस्तीचं. सुमारे ६१० मीटर उंचीचा डोंगर तिथं समुद्रात घुसला आहे आणि त्याच्या कुशीतल्या चिंचोळ्या खाडीत होड्या सुरक्षित राहतात. रोमन लोक तिला 'पोर्तुस डेल्फिनी', म्हणजे डॉल्फिनचं बंदर म्हणत. १२२९ मध्ये ते जिनोव्हाच्या प्रजासत्ताकाकडे गेलं. १८०५ ते १८१४ या काळात तर ते नेपोलियनच्या फ्रान्सचं गाव होतं! १८१५ मध्ये सार्डिनियाचं राज्य आलं, १८६१ मध्ये इटलीचं. राज्यं बदलली, पण कोळ्यांच्या होड्या तिथंच लागत राहिल्या, कारण आसरा तिथंच होता. घरं त्या आसऱ्याभोवती वाढली.

लवासाचं पाणी मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाचं. जलाशयाला नाव बाजी पासलकरांचं. शिवरायांचे हे साथीदार याच मोसे खोऱ्याचे देशमुख. अरबी समुद्र पश्चिमेला जवळ, पण हे पाणी पूर्वेला वळतं, खडकवासल्यातून पुण्याची तहान भागवतं आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं.

धरणासाठी इथल्या माणसांनी एकदा जमिनी सोडल्या होत्या. नव्या नगरासाठी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आदिवासींच्या जमिनींवरून आंदोलनं झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षभराने अटींवर परवानगी दिली. २०१८ मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. कितीतरी इमारती अर्धवट राहिल्या.

'लवासा' हे नावही मुद्दाम घडवलेलं. शेजारच्या धामणओहोळच्या नावात मात्र वाहता ओहोळ आहे.

तळ्याकाठी फोटो जरूर काढा. मग धामणओहोळच्या वाटेला लागा आणि एखाद्या आजोबांना विचारा, धरणाआधी मोसे कुठून वाहत होती? ते हात वर करून दाखवतील. त्या गावाचा खरा नकाशा तिथं आहे, आणि तो दाखवणारे हात आता थोडेच उरले आहेत.