मॉड्युलर सिंथेसायझरचं मॉड्यूल: टेबलाएवढ्या जागेत बसणारा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा

या आठवड्याच्या व्हिडिओत एका वेगळ्याच वस्तूची ओळख करून दिली: ॲनालॉग सिंथेसायझरचं मॉड्यूल. व्हिडिओत सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून डिझाइन आणि हिशोब इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू समजून घ्या. साधा कीबोर्ड एका कंपनीचा असतो, आतलं सगळं तिनेच ठरवलेलं. मॉड्युलरमध्ये तसं नसतं. आवाज निर्माण करणारा एक डबा, आवाज गाळणारा दुसरा, कमी-जास्त करणारा तिसरा. वादक आपल्याला हवे ते डबे घेतो, रॅकमध्ये बसवतो आणि छोट्या वायरींनी जोडतो. डबे दहा वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी चालतात.

हे चालतं एका मापामुळे. १९९०च्या दशकाच्या मध्याला जर्मनीच्या डिटर डोपफर यांनी ए-१०० ही सिस्टीम आणली. तिची मापं इतरांनीही उचलली, आणि त्यालाच आज युरोरॅक म्हणतात. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी एचपीमध्ये मोजतात, १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर. वीज अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट. जोडणीला ३.५ मिलिमीटरचा जॅक. ८ एचपीचा हिशोब ४०.६४ येतो, पण पॅनेल कापायचं ४०.३ मिलिमीटर, नाहीतर शेजारच्या मॉड्यूलला घासतं. ही मापं पाळली की तुमचा माल जगातल्या कुठल्याही युरोरॅकमध्ये बसतो. छोट्या उत्पादकाला ही केवढी मोठी सोय आहे बघा! ग्राहकाला अख्खी सिस्टीम विकायची गरजच नाही, एक चांगला डबा विकला तरी पुरे.

आता पहिला डबा कुठला? बहुतेकांना ऑसिलेटर करायचा असतो, कारण आवाज तिथून येतो. माझं मत विचाराल तर तो पहिल्यांदा नकोच. ऑसिलेटरला १ व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर जायला हवा, म्हणजे एका स्वरांतराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. हे गणित ज्या ट्रान्झिस्टरवर चालतं तो तापमानाला हळवा असतो. भरपाई केली नाही, तर दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३३ टक्का फरक पडतो. पाच सप्तकांवर तो वीस सेंट होतो, म्हणजे स्वरांतराचा पाचवा भाग. वादकाच्या कानाला हे लगेच कळतं. उपाय आहेत: जुळवलेली ट्रान्झिस्टरची जोडी, तापमानाची भरपाई करणारा रेझिस्टर. पण प्रत्येक नग हाताने ट्यून करत बसावं लागतं, आणि तुमचा वेळ तिथेच जातो. त्यापेक्षा मिक्सर, ॲटेन्युएटर किंवा व्हीसीए घ्या. दिसायला साधे, पण प्रत्येक रॅकमध्ये लागतात.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. विजेची रिबन केबल लोक उलटी लावतात. लावतातच! संरक्षण नसेल तर आयसी जळतात आणि माल तुमच्याकडे परत येतो. एकाच बाजूने बसणारा खोबणीचा कनेक्टर घ्या आणि दोन्ही व्होल्टेजना एकेक शॉट्की डायोडही टाका. दोन्ही का? केबल दुसऱ्या टोकाला, सप्लायकडे, उलटी लागू शकते, तिथे तुमची खोबण काय करणार?

आता पैशाचं. आकडे समजण्यापुरते धरा. पार्ट २,४०० रुपयांचे, जोडणी आणि तपासणी दोन तास, तासाला ३००. झाले ३,०००. तुम्ही किंमत ठेवली ५,०००. दुकानदाराने ३५ टक्के घेतले, तर हातात ३,२५०. नफा फक्त २५०. एक नग बदलून द्यावा लागला की बारा नगांची कमाई गेली. तोच नग ७,५०० ला विकला तर हातात ४,८७५, शिल्लक १,८७५, आणि त्यातूनच कुरिअर, फसलेले नमुने, भाडं भागवायचं. म्हणून किंमत दुकानदाराचा वाटा धरूनच ठरवा, पहिल्या दिवसापासून. पुढे थेट विकलं तरी किंमत तीच ठेवा, नाहीतर दुकानदार तुमचा माल ठेवणार कशाला?

शिकायला म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सची डिझाइनं बघा. एमिली जिले यांनी ती खुली ठेवली होती. कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण ती डिझाइनं आजही लोक बनवतात. शेड्स आणि व्हेल्स ही दोन्ही ॲनालॉग आहेत, तिथून सुरुवात करा. लायसन्सच्या अटी नीट वाचा. डिझाइन वापरता येतं, त्यांचं नाव लावून विकता येत नाही.

परदेशी पाठवायचं असेल तर आयईसी नंबर काढून ठेवा, आणि युरोपसाठी पहिल्या नमुन्यापासूनच शिसंविरहित सोल्डर वापरा. पहिला लॉट पाच-दहा नगांचा. ते वादकांच्या रॅकमध्ये महिनाभर चालू द्या, मगच पन्नासच्या पीसीबीची ऑर्डर द्या.