मुक्त बाजाराची नीतिमत्ता

मुक्त बाजाराची नीतिमत्ता : परस्परांच्या संमतीने होणारा आर्थिक विनिमय नैतिक दृष्ट्या कितपत समर्थनीय ठरतो, यासंबंधीचा विचार. स्वतःजवळील वस्तूपेक्षा दुसऱ्याजवळील वस्तू अधिक मोलाची वाटल्याशिवाय कोणी देवघेव करीत नाही. म्हणून बळजबरी व फसवणूक नसलेल्या विनिमयात उभयपक्षी लाभ होतो, हे या बाजाराच्या समर्थनाचे मूळ सूत्र होय. ॲडम स्मिथने (१७२३–९०) १७७६ मध्ये या विचाराची सविस्तर मांडणी केली. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये लाभाऐवजी हक्कावर भर दिला : संपत्ती न्याय्य मार्गाने मिळविलेली व तिचे हस्तांतर ऐच्छिक असेल, तर तिची वाटणी विषम असली तरी न्याय्यच मानावी. टीकाकारांचा आक्षेप संमतीच्या स्वरूपाविषयी आहे. नकार देणे ज्याला परवडतच नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येईल काय, हा या वादातील कळीचा प्रश्न होय.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरील निर्बंध उठले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मुक्त संमती ही कराराची अट ठरविली; तथापि सारा भरण्याच्या निकडीने निरक्षर कुळाने लिहून दिलेला कर्जरोखाच व्यवहारात संमतीचा पुरावा ठरे. १२ मे १८७५ रोजी सुपे (आता बारामती तालुका) येथे सावकारांविरुद्ध दंगा होऊन तो इतर गावांत पसरला. रोखे हस्तगत करून नष्ट करणे हे दंगेखोरांचे मुख्य लक्ष्य होते. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. न्या. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांनीही १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, पाश्चात्त्य अर्थशास्त्राची गृहीतके भारतीय परिस्थितीस जशीच्या तशी लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले.

याच परिसरातील सणसर (ता. इंदापूर) हे नीरा डाव्या कालव्यावरील ऊस पिकविणारे गाव असून लगतच्या भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. तोडलेल्या उसाचे वजन व त्यातील साखर झपाट्याने घटते. तो साठविता येत नाही आणि दूर नेणे परवडत नाही. त्यामुळे ऊस तोडल्यानंतर घासाघीस करण्याची उत्पादकाची शक्ती फारशी उरत नाही. ही अडचण लक्षात घेऊन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने किमान भावाची तरतूद केली व १४ दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. सहकारी कारखान्यात सभासद हा विक्रेता तसाच मालकही असल्याने हितविरोध सौम्य होतो, नाहीसा होत नाही.

निर्बंधांनीही संमती बाधित होऊ शकते. १९८४ च्या आदेशान्वये महाराष्ट्रात कारखान्यांसाठी ऊसक्षेत्रे राखून ठेवण्यात आली. या ‘झोनबंदी’मुळे उत्पादकाला गिऱ्हाईक निवडता येईना. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी तिला विरोध करून शेतकऱ्यास बाजारपेठेचे स्वातंत्र्य मागितले. १९९७ मध्ये झोनबंदी उठली. दोन कारखान्यांतील किमान अंतराची अट मात्र पुढेही राहिली.

सावकाराचा रोखा व झोनबंदी ही परस्परविरुद्ध टोकांची उदाहरणे होत : पहिल्यात गरजेने, तर दुसऱ्यात शासनाच्या आदेशाने दुसरा पर्याय बंद केला. विनिमयाची नीतिमत्ता त्यामुळे केवळ सहीवर किंवा केवळ नियमनाच्या अभावावर ठरत नाही. व्यवहार नाकारूनही निभावून नेण्याची शक्यता दोन्ही पक्षांना कितपत आहे, यावर ती अवलंबून असते.