जुन्या व्हॅनमधील उष्मा : त्याची कारणें व उपाय

चैत्र-वैशाखांत मुळशीकडून भाजीपाला वा करवंदें घेऊन पुण्याच्या गुलटेकडी मार्केटयार्डांत जाणारे शेतकरी पहाटे निघतात. जातांना कांहीं वाटत नाहीं. दुपारीं रिकामी गाडी घेऊन पौडाकडे परततांना मात्र आंत भट्टी पेटल्यासारखें होतें. उन्हाळाच तो, असें म्हणून बहुतेक जण सोसतात. परंतु सूर्य मावळल्यावरहि पाय व मांड्या भाजत असतील, तर दोष उन्हाचा नसून गाडीचा आहे असें समजावें.

जुन्या व्हॅनची घडणच अशी आहे. मारुतीची ओम्नी १९८४ सालीं निघाली व २०१९ सालीं बंद झाली. तिचें ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन पुढील बैठकीच्या खालींच असतें. आकुर्डीस बनणाऱ्या मॅटॅडोरमध्यें तें चालकाच्या शेजारीं झाकणाखालीं असे. म्हणजे मनुष्य चुलीस मांडी लावून बसतो. आड काय तें एक पत्रा, त्याखालचें अस्तर आणि कडेची रबरी पट्टी. वीस वर्षांत ही पट्टी वाळून तडकते, अस्तर गळून पडतें, आणि तारा व नळ्या जेथून आंत येतात त्या भोंकांचीं रबरें नाहींशीं होतात.

आमच्या गाडीचीच गोष्ट सांगतों. उष्म्याची तक्रार केल्यावर एका दुरुस्तीवाल्यानें बैठकीखालीं चकचकीत अस्तर लावलें, पंखा बसविला व पैसे घेतले. उष्मा थोडा उतरला, पण गाडी चालविणाऱ्या पुतण्याचें डोकें दुखणें कांहीं थांबेना. एके दिवशीं ताम्हिणी घाटांत त्यास भोंवळ आली; त्यानें कशीबशी गाडी डोंगराच्या अंगास उभी केली. पुढें दुसऱ्या फिटरनें पाहिलें, तों एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्याचें पॅकिंग जळालेलें. धूर इंजिनाच्या खोक्यांत साठून फाटक्या रबरावाटे आंत येत होता. आम्ही उष्मा झांकीत बसलों होतों आणि विष तसेंच राहिलें होतें.

या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वासहि नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्याशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट बिलगतो. डोकेंदुखी, मळमळ, गुंगी हीं त्याचीं लक्षणें. खिडकी उघडी असली म्हणजे धोका टळला असें नाहीं. सबब पहिली तपासणी याचीच करावी. पहाटे थंड इंजिन सुरू करतांच सांध्यापाशीं फसफस ऐकूं येते काय, तेथें काजळी धरली आहे काय, हें पाहावें. पॅकिंग बदलल्यावांचून अस्तरावर पैसा घालूं नये.

त्यानंतर पट्टी व भोंकांचीं रबरें नवीं बसवावीं. अस्तर उष्णता सोसणारेंच घ्यावें. गोणपाट वा कापूस इंजिनाजवळ कोंबण्याची कांहींची रीत आहे. ती गाडी जाळण्याची रीत होय. फार जुन्या गाडींतील करडें अस्तर ॲस्बेस्टॉसचें असूं शकतें, तें कोरडें खरवडूं नये. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाहि ऐकूं नये. त्यानें इंधन अधिक जळतें, बैठकीची उष्णता जात नाहीं.

ज्या गाडीस हीटर आहे तेथें आणखी एक चोर दडलेला असतो. दांडा थंडाकडे केला तरी तार सैल पडल्यामुळें पाण्याची चावी पुरी मिटत नाहीं, आणि इंजिनाचें कढत पाणी हीटरांतून फिरतच राहतें. गाडी चालवून आणून इंजिन बंद करावें आणि हीटरच्या दोन्ही नळ्यांस जपून हात लावावा. दोन्ही सारख्याच तापल्या असतील तर पाणी फिरत होतें. ज्या गाड्यांस चावीच नसते त्यांत नळ्या तापणारच. तेथें वाऱ्याची झडप नीट मिटते काय तें पाहावें. तार ताणून भागलें नाहीं तर चावी बदलावी. चावी मिळत नसेल तर इंजिन पूर्ण निवल्यावर दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून हीटर वगळतां येतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये.

मात्र मृगापूर्वीं हीटर पुन्हां जोडून घ्यावा. पावसाळ्यांत ताम्हिणींत पुढील कांचेवर आंतून धुकें धरतें, आणि तें घालविण्यास हीच गरम हवा लागते.