रंधा मारता मारता

नोकरी संपली की अनेक पुरुष घरात बसून राहतात. झोप उडते, चिडचिड वाढते, विचारले तर "मला काय झालंय?" हेच उत्तर मिळते.

ऑस्ट्रेलियात यावर एक साधा उपाय रुजला आहे. तेथील सामाईक कार्यशाळांना 'मेन्स शेड' म्हणतात. या नावाची पहिली शेड १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला येथे उघडली. निवृत्त मंडळी तेथे लाकडी खेळणी, बाकडी, पक्ष्यांची घरटी बनवतात आणि एकमेकांना दाखवतात. पुरुष समोरासमोर बसून नव्हे, तर खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, असे तेथे मानतात. मला हेच खरे मर्म वाटते. लघवीचा त्रास किंवा एकटेपणा डॉक्टरांपासून लपवणारा माणूस रंधा मारता मारता शेजाऱ्याला सांगून जातो. मग "उद्याच तपासून घे" असे मित्रच बजावतो.

पथ्य एकच. लाकडाच्या बारीक धुळीने दमा बळावतो. वर्षानुवर्षे ती नाकात गेल्यास नाकाचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून खोली हवेशीर असावी, नाकातोंडावर चांगला मास्क असावा.

वाचकहो, समाजमंदिराची रिकामी खोली आणि दोन-चार हत्यारे एवढ्यावर आपल्याकडेही सुरुवात होईल.