कवचांतील पायगाडी

प्रस्तुत लेख लिहिण्यास कारण झालें तें आमच्या घरांतील एक भांडण. 'भांडण' हा शब्द कोणास कठोर वाटेल. परंतु लागोपाठ दोन रविवार भोजनाच्या पंक्तींत एकाच विषयावरून वाद व्हावा, वाढतां वाढतां वहिनींच्या हातांतील पळी थांबावी, आणि दादांनीं मागला भात न घेतां पानावरून उठावें, याला दुसरें नांव मला सुचत नाहीं. विषय म्हणाल तर एक सायकल!

आमचा पुतण्या हॉलंड देशांत आल्मेर या गांवीं नोकरीनिमित्त राहतो. कचेरी अॅम्स्टरडॅमच्या कडेला, घरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर. त्यानें कळविलें कीं, मोटार घेण्याचा विचार आपण सोडला असून तिच्याऐवजीं 'व्हेलोमोबील' नांवाची, पायांनीं चालवावयाची बंद गाडी घेणार आहों. सोबत चित्र पाठविलें होतें. पाहावें तों एक पिवळें, माशाच्या आकाराचें कवच जमिनीला टेकल्यासारखें पडलेलें, आणि त्याच्या वरच्या भोंकांतून आमच्या चिरंजीवांचें मस्तक तेवढें बाहेर! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हें वाहन आहे कीं स्नानाचें घंगाळ? आणि मालमोटार हांकणाराला हें दिसायचें तरी कसें?" पहिला प्रश्न विनोदाचा होता, दुसरा नव्हता. घरांत मास्तर मी एकटा. तेव्हां "तुम्हीच वाचून काय तें सांगा," असें माझ्यावर आलें. पुढें गेल्या वर्षीं दोन महिने त्या देशीं राहण्याचा योग आला, त्यामुळें जें वाचलें तें थोडेंबहुत डोळ्यांनीं पाहतांहि आलें.

प्रथम नांवाचा उलगडा करितों. जन्मभर शब्दांची फोड करण्यांत गेल्यामुळें ही खोड सुटत नाहीं. लॅटिन भाषेंत 'व्हेलॉक्स' म्हणजे शीघ्र. त्यावरून सायकलच्या पूर्वजाला 'व्हेलोसिपीड', म्हणजे शीघ्रपाद, असें नांव पडलें, आणि फ्रेंच लोकांनीं त्यांतील अर्धा तुकडा तोडून सायकलला 'व्हेलो' म्हणण्यास आरंभ केला. 'मोबील' म्हणजे चल, फिरणारें. संस्कृतांत हिला काय म्हणावें याचा मीं विचार केला. 'कूर्मरथ' हा शब्द आकारास अगदीं साजतो, परंतु कांसवाचें नांव वेगाला अपशकुनी म्हणून सोडून दिला.

या गाडीचा जन्म एका आईच्या भयांतून झाला, असें तिचे इतिहासकार सांगतात. शार्ल मोशे नांवाचा एक फ्रेंच कारागीर लहान मोटारगाड्या तयार करीत असे. त्याचा मुलगा जॉर्ज याला सायकल हवी होती, पण आईचें म्हणणें पडलें कीं, सायकल धोक्याची, मुलाला ती देऊं नये. बापानें तोड काढली: पायांनीं चालवावयाची चारचाकी गाडी मुलासाठीं तयार केली. ती पडण्याची भीति नाहीं, म्हणून आई निश्चिंत. आणि गल्लींतील सायकलवाल्या पोरांना ती मागें टाकी, म्हणून मुलगा खूष. पुढें मोशेनें मोठ्या माणसांसाठीं दोन आसनांची तशीच गाडी काढली व तिला 'व्हेलोकार' हें नांव दिलें. मोटार न परवडणाऱ्या कुटुंबांत ती खपूंहि लागली. ही कथा मीं वहिनींना सांगितली तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईचें ऐकलें गेलें तर!"

मोशे तेथें थांबला नाहीं. चारचाकी गाडी उभी चिरावी तशी करून त्यानें एक दुचाकी बनविली. हिच्यावर स्वार पाठ टेकून, पाय पुढें पसरून बसे. तिला कवच नव्हतें. केवळ बसण्याची ढब निराळी. फ्रान्सिस फोर नांवाचा एक दुय्यम प्रतीचा शर्यतवाला तिच्यावर बसला, आणि ७ जुलै १९३३ रोजीं पॅरिस येथें त्यानें एका तासांत ४५ किलोमीटरांहून किंचित् अधिक अंतर कापलें. ऑस्कर एग यानें १९१४ सालीं केलेला ४४.२४७ किलोमीटरांचा उच्चांक एकोणीस वर्षे अबाधित होता, तो या दुय्यम गड्यानें मोडला. यावर मोठा गहजब झाला. हिला सायकल म्हणावें कीं म्हणूं नये? १९३४ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें सायकलची व्याख्याच अशी बांधली, कीं आसन आणि पायडलांचा आंस यांतील अंतराच्या नियमानें ही गाडी आपोआप बाहेर पडावी. त्याच वर्षीं मोशे वारला.

वर्गांत एखादा मुलगा निराळ्या रीतीनें गणित सोडवून उत्तर बरोबर आणतो. मास्तरानें त्याला गुण द्यावे कीं "पुस्तकांतल्या रीतीनें केलें नाहींस" म्हणून शून्य द्यावें? मीं दोनहि प्रकार केलेले आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराची आठवण मला आजहि सुखाची नाहीं. हाच फोर १९३९ सालच्या मार्चमध्यें अशाच गाडीवर, परंतु या वेळीं कवच चढवून, एका तासांत पन्नास किलोमीटरांच्या पुढें गेला. सरळ बसून चालवावयाच्या सायकलवर ही पन्नासची वेस ओलांडावयास १९८४ सालीं फ्रांचेस्को मोझेर यावा लागला.

महायुद्धांत फ्रान्समध्यें पेट्रोल मिळेनासें झालें, तेव्हां व्हेलोकारला बरे दिवस आले. स्वीडनमध्यें त्याच सुमारास 'फँटोमेन' नांवाच्या अशाच गाडीचे नकाशे विक्रीस निघाले, आणि घरच्या घरीं गाडी करूं म्हणून हजारों लोकांनीं ते विकत घेतले. पुऱ्या झालेल्या गाड्या मात्र थोड्याच. (आमच्या घरांतहि लोकरीचे नमुने किती आणि विणून झालेले स्वेटर किती, हें प्रमाण पाहतां मला याचें नवल वाटत नाहीं.) युद्ध संपलें, पेट्रोल आलें, मोटारी आल्या, आणि ही विद्या कोपऱ्यांत पडली. १९८०च्या सुमारास डेन्मार्कमधील कार्ल गेओर्ग रासमुसेन यानें 'लायट्रा' नांवाची तीनचाकी बंद गाडी करून ती पुन्हां रस्त्यावर आणली. त्यानंतर हॉलंडमध्यें बार्ट फेरहेस यानें अल्युमिनियमचे पत्रे विमानाप्रमाणें रिव्हेटांनीं जोडून 'आलेवेडर', म्हणजे सर्व ऋतूंतील गाडी, रचली. ती ड्रॉन्टेन गांवच्या एका कारखान्यानें सुट्या भागांच्या रूपानें विकली. घेणारानें घरीं बसून रिव्हेट ठोकावे. त्याच गांवांत २००० सालीं 'क्वेस्ट' नांवाची अखंड कवचाची गाडी निघाली. आमच्या पुतण्याच्या चित्रांतली ती हीच.

ड्रॉन्टेन काय किंवा आल्मेर काय, दोनहि गांवें समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर वसलीं आहेत. ड्रॉन्टेनची भूमि १९५७ सालीं पाण्याबाहेर आली. टेकडी नाहीं, घाट नाहीं. आहे तो वारा. ही गाडी नेमकी याच भूमींत कां रुजली, तें एवढ्यावरून समजावें. सायकलस्वाराचा खरा वैरी वाराच होय. ताशीं ३० किलोमीटर वेगानें सरळ बसून जाणाऱ्या माणसाचे सुमारें चार पंचमांश श्रम केवळ हवा बाजूस सारण्यांत खर्च होतात. शिवाय वेग दुप्पट करावयाचा तर हवेपुरते श्रम दुप्पट किंवा चौपट नव्हे, आठपट लागतात. चांगल्या घडणीचें कवच हवेचा हा अडथळा चौथ्या-पांचव्या हिश्श्यावर आणतें. म्हणून जे पाय साध्या सायकलवर ताशीं पंचवीस-सव्वीसपर्यंत नेतात, तेच येथें पस्तीस-चाळीसवर नेतात. २०१६ सालीं अमेरिकेंत टॉड रायकर्ट यानें केवळ पायांच्या बळावर, शर्यतीसाठीं केलेल्या कवचांतून, ताशीं १४४ किलोमीटरांचा वेग गांठला; पण तें कवच बाजारांतून भाजी आणावयाचें नव्हे.

परंतु चढावर हवेचा प्रश्न उरत नाहीं, तेथें वजन बोलतें. क्वेस्टचें वजन तीस-पस्तीस किलो. साध्या सायकलच्या दुपटीहून अधिक. मीं कागदावर हिशेब मांडला: विसांत एक अशा चढावर तेवढ्याच श्रमांत साधी सायकल ताशीं अकरा किलोमीटर गेली, तर ही नऊच जाईल. आमचा खंबाटकीचा घाट ज्यानें सायकलनें चढला आहे, त्याला ह्या दोन किलोमीटरांची किंमत सांगावयास नको.

आतां प्रत्यक्ष अनुभव. पुतण्यानें गाडी घेण्यापूर्वीं एका सद्गृहस्थाची जुनी गाडी पाहण्यास आम्ही गेलों, आणि त्यांनीं मलाहि तींत बसण्याचा आग्रह केला. वरच्या भोंकांत दोनहि पाय घालून उभें राहावें, कडा धरून हळूंच खालीं सरकावें, आणि पाठ टेकावी. वहिनींची घंगाळाची उपमा त्या क्षणीं मला सर्वस्वीं पटली. पुढें दोन चाकें, मागें एक. पायडलें अगदीं नाकाशीं. साखळी आसनाखालून मागच्या चाकापर्यंत गेलेली, साध्या सायकलच्या साखळीच्या तिपटीएवढी लांब, पण सर्वस्वीं कवचाच्या आंत, म्हणून तिला चिखल नाहीं कीं धूळ नाहीं. छातीसमोर एक दांडा असतो, त्यानें गाडी वळते. ब्रेक पुढच्या चाकांच्या तुंब्यांत.

पायडल मारूं लागतांच दोन गोष्टी कळल्या. एक, चेहऱ्यास वारा लागतो तेवढाच. अंगास लागत नाहीं. दुसरी, कोणत्याहि पुस्तकांत मला आढळली नव्हती ती, म्हणजे आवाज! पोकळ कवचांत चाकांचा प्रत्येक खडखडाट मृदंगांत बसल्यासारखा घुमतो. बांधाच्या रस्त्यावर आडव्या वाऱ्याच्या झोतानें गाडी बाजूला ढकलल्याचा भास झाला आणि मीं दांडा घट्ट धरला. तसा तो धरूं नये, असें मागाहून सांगण्यांत आलें. माझा वेग ताशीं अठरा भरला. पुतण्या त्याच रस्त्यावर अडतीसवर गेला व घामानें निथळून परत आला. त्या देशांत थंडीच्या दिवसांत हे लोक आंत एका पातळ सदऱ्यावर बसतात. कोंकणांतला शेतकरी इरलें पांघरून पावसांत वाकून लावणी करतो, त्या इरल्याला चाकें लावलीं तर जें होईल, तें हें वाहन. शाळेंत भिजलेल्या धोतरानें एकतीस पावसाळे शिकविलेल्या मनुष्याला त्याचें मोल कळतें.

परत येतांना मीं वहिनींच्या प्रश्नाचा विचार करीत होतों. गाडीची उंची मीटरभराच्या आंत. तीन चाकें असल्यामुळें बर्फावर ती साध्या सायकलसारखी घसरून पडत नाहीं, आणि पडावयाचें म्हटलें तरी जमीन जवळच आहे. परंतु वळणावर वेग न आवरल्यास ती कलंडते. आणि मालमोटारीच्या अगदीं कडेला उभी राहिल्यास उंचावर बसलेल्या चालकाला ती दिसणार नाहीं, हें वहिनींचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. तेथें सायकलींसाठीं स्वतंत्र मार्ग आहेत, म्हणून हा धोका पुष्कळ उणा होतो. त्या देशाचा एक कायदा मात्र ध्यानांत ठेवण्यासारखा: दोनांहून अधिक चाकांची सायकल पाऊण मीटरापेक्षां रुंद असेल, तर तिला मुख्य रस्त्यावरूनहि जाण्याची मुभा आहे. क्वेस्टची रुंदी साडेशहात्तर सेंटिमीटर! हा योगायोग नसावा. मुभा असली तरी ती वापरूं नये, असें माझें मत मीं स्पष्ट सांगितलें. आणि हेंहि सांगतों कीं, हीच गाडी पुण्याच्या रस्त्यावर चालवावयाची असती तर मीं संमति दिली नसती. येथें गतिरोधकाला तिचें पोट घासेल, वैशाखांत आंतला मनुष्य उकडून निघेल, आणि तिच्यासाठीं वेगळी वाट काढून ठेवणारा अद्याप कोणी भेटलेला नाहीं.

राहिला प्रश्न घ्यावी कीं करावी हा. पुतण्याला सुटे भाग आणून स्वतः जोडण्याची हौस होती. हौस चांगली, पण तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत ती पुरवावयाची कोठें? शिवाय रिव्हेट वांकडा बसला तर चाकेंहि वांकडीं, आणि चाकें वांकडीं तर टायर महिन्याभरांत झिजलेले. नवी गाडी घ्यावी तर आठ-दहा हजार युरो, म्हणजे आपले दहा लाख रुपयांच्या घरांत. एवढ्यांत लहान मोटार येते आणि मग वादच मिटतो. तेव्हां जुनी घेणें हाच मार्ग उरला. ती दोन-तीन हजार युरोंपासून मिळते. जुनी घेतांना कवचावरच्या ओरखड्यांकडे पाहूं नये, ते अंगावरचे डाग आहेत. पुढचीं चाकें हातानें हालवून पाहावींत, खुळखुळलीं तर सांधे झिजले. आसन जेथें कवचाला जोडलें आहे तेथें तडा आहे कीं काय, तें बोट फिरवून पाहावें. स्वतः अर्धा तास बसून पाहावें, कारण उंच माणसाचे गुडघे कांहीं गाड्यांत वरच्या झांकणाला लागतात. आणि सर्वांत आधीं स्वतःच्या घराचें दार मोजावें. पावणेतीन मीटरांहून लांब असें हें धूड इमारतीच्या सायकलघरांत गेलें खरें, पण बोळांत वळेना. शेवटीं शेपूट उचलून फिरवावें लागलें. आजहि तो रोज तसेंच फिरवितो.

मीं घातलेल्या अटी दोन: दिवसाहि दिवे लावावे, आणि कोणत्याहि मालमोटारीच्या कडेला उभें राहूं नये, मागेंच थांबावें. तिसरी अट वहिनींची. गाडीच्या मागें उंच काठी लावून तिला झेंडा बांधावा, आणि झेंडा त्यांच्याच हातचा असावा. त्यांनीं आपल्या एका जुन्या केशरी लुगड्याचा तुकडा दुमडून, चारहि बाजूंनीं दुहेरी टीप घालून तो शिवला व माझ्याबरोबर पाठविला. केशरी हा रंग त्या देशाच्या राजघराण्याचाहि आहे, त्यामुळें तेथील लोकांना तो आपलाच वाटतो, असें पुतण्या लिहितो.

दादा अद्याप या विषयावर बोलत नाहींत. परंतु गेल्या रविवारीं दूरध्वनीवर पुतण्या सहज म्हणाला कीं, वाऱ्यानें झेंड्याची एक कड उसवली आहे; तेव्हां दादा पानावरून न उठतां वहिनींना म्हणाले, "दुसरा आजच शिवून ठेव. दिवाळीनंतर जोशांचा मुलगा तिकडे जाणार आहे."