ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील मॅप आणि संयुक्त किल्ली : एक विवेचन

सारांश : मॅप ही किल्लीवरून नोंद शोधून देणारी माहितीरचना आहे. अनेकदा एका घटकाने नोंदीची ओळख पूर्ण होत नाही. तेथे दोन किंवा अधिक घटकांची संयुक्त किल्ली करावी लागते. ती कशी घडवावी, समानता आणि हॅशमूल्य यांचे परस्परांशी नाते काय आणि किल्ली चुकल्यास माहितीचे कोणते नुकसान होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात जावा भाषेच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : मॅप, संयुक्त किल्ली, हॅशमूल्य, समानता, अपरिवर्तनीयता.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यात ‘वडगावला जायचे आहे’ असे सांगणाऱ्यास ‘कोणत्या वडगावला?’ असा प्रतिप्रश्न ऐकावा लागतो. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ ही सर्व नावे याच जिल्ह्यातील आहेत. एका शब्दाने ओळख पटत नाही, म्हणून लोकव्यवहाराने त्याला दुसरा शब्द जोडला. जमिनीच्या नोंदीतही हेच दिसते. गट क्रमांक १२ गावोगाव असतो. त्यामुळे सातबारा मागताना जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक असे चारही घटक सांगावे लागतात. ही चार घटकांची संयुक्त किल्लीच होय.

संगणकशास्त्रात ही कल्पना नवी नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्याचे संबंधात्मक प्रारूप मांडले, तेव्हाच प्राथमिक किल्ली अनेक घटकांच्या संयोगाने बनू शकते असे म्हटले होते. माहितीसाठ्यात असे स्तंभ घोषित केले की तुलनेचे काम प्रणालीच पाहते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र दोन किल्ल्या समान केव्हा मानाव्यात, हे बहुधा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासच ठरवावे लागते. या जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे. पुढील उदाहरणे समजुतीसाठी घेतली असून ती कोणत्याही प्रत्यक्ष शासकीय प्रणालीचे वर्णन करीत नाहीत.

मॅपमधील शोधाची रीत

जावामधील हॅशमॅप हा वर्ग १९९८ पासून उपलब्ध आहे. त्यात नोंदी अनेक कप्प्यांत विभागून ठेवल्या जातात. आरंभी सोळा कप्पे असतात आणि नोंदींची संख्या कप्प्यांच्या पाऊणपटीपलीकडे गेली की कप्पे दुप्पट होतात. नोंद शोधताना दोन पायऱ्या घडतात. प्रथम किल्लीपासून एक पूर्णांक, म्हणजे हॅशमूल्य, काढून त्यावरून कप्पा ठरविला जातो. नंतर त्या कप्प्यातील किल्ल्यांशी समानतेची तुलना होते. थोडक्यात, कोठे शोधावे हे हॅशमूल्य सांगते आणि सापडले ते खरोखर हवे तेच आहे की नाही, हे समानता सांगते.

जोडलेल्या मजकुराची किल्ली

नवशिक्या प्रोग्रॅमरचा पहिला उपाय बहुधा घटक एकापुढे एक लिहून त्यांचा सलग मजकूर करण्याचा असतो. गावाचा सांकेतांक १ आणि गट क्रमांक ११२ असल्यास ‘१११२’ ही किल्ली तयार होते. परंतु गाव ११ आणि गट १२ यांचीही किल्ली ‘१११२’ हीच होते. दुसरी नोंद मॅपमध्ये ठेवताच पहिलीच्या जागी ती बसते. प्रोग्रॅम थांबत नाही आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. हॅशमॅपची ‘पुट’ ही क्रिया जुने मूल्य परत देते खरी, परंतु ते तपासण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. एका खातेदाराची नोंद नाहीशी होते आणि तिच्या जागी दुसऱ्याचे नाव दिसू लागते.

मध्ये विभाजक चिन्ह घातल्याने प्रश्न सुटतो असे वाटते; पण ते चिन्ह घटकांतच येत नसेल तरच हे खरे. गट क्रमांक व हिस्सा यांच्यात तिरकी रेघ घातली, तर ‘१२/१’ हा गट व ‘२’ हा हिस्सा आणि ‘१२’ हा गट व ‘१/२’ हा हिस्सा या दोन्ही जोड्यांचा मजकूर ‘१२/१/२’ असाच होतो. घटकांची सीमा एकदा पुसली की ती खात्रीने परत मिळत नाही.

समानता आणि हॅशमूल्य

यावर योग्य उपाय म्हणजे किल्लीसाठी स्वतंत्र वर्ग करणे आणि त्यात प्रत्येक घटक वेगळा ठेवणे. मात्र जावामध्ये वर्गाची समानता मुळात ‘तीच वस्तू आहे काय’ एवढेच पाहते. गाव १, गट ११२ अशी किल्ली ठेवून, नंतर त्याच मूल्यांची नवी किल्ली घडवून शोध घेतल्यास ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून ‘इक्वल्स’ ही पद्धत नव्याने लिहून सर्व घटकांची तुलना करावी लागते. तिच्याबरोबर ‘हॅशकोड’ ही पद्धतही लिहिणे बंधनकारक आहे. कारण समान ठरलेल्या दोन किल्ल्यांचे हॅशमूल्य समान असलेच पाहिजे, असा भाषेचा दंडक आहे. एकच पद्धत लिहिली तर समान किल्ल्यांची हॅशमूल्ये सहसा भिन्न निघतात आणि अस्तित्वात असलेली नोंद सापडत नाही.

हॅशमूल्य काढण्याची रीतही विचारपूर्वक निवडावी. घटकांची केवळ बेरीज केल्यास गाव ७, गट १२ आणि गाव १२, गट ७ या दोहोंचे हॅशमूल्य १९ येते. पहिल्या घटकास ३१ ने गुणून दुसरा मिळविल्यास ते अनुक्रमे २२९ आणि ३७९ येते. तरीही टक्कर सर्वस्वी टळत नाही : गाव १, गट ४० आणि गाव २, गट ९ या दोन्हींचे मूल्य ७१ आहे.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. हॅशमूल्यांची टक्कर झाली तरी समानतेची तुलना दोन्ही नोंदी वेगळ्या ओळखते. फक्त शोधास थोडा अधिक वेळ लागतो. किल्ल्याच एक झाल्या तर मात्र तुलना करण्यास काही उरत नाही. पहिल्या दोषाची किंमत वेळात मोजली जाते, दुसऱ्याची माहितीच्या सत्यतेत. पहिल्यावर प्रणालीनेही उपाय केला आहे : २०१४ मधील जावा ८ पासून, कप्पे किमान ६४ असताना, एका कप्प्यात आठहून अधिक नोंदी साचल्यास त्यांची साखळी न ठेवता वृक्षरचना केली जाते. दुसऱ्या दोषावर प्रणालीकडे उपाय नाही.

किल्लीची अपरिवर्तनीयता

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. समजा, एखाद्या प्रोग्रॅममध्ये मॅपमधील किल्लीतच जिल्ह्याचा घटक ‘ठाणे’ बदलून ‘पालघर’ केला. नोंद जुन्या हॅशमूल्यानुसार जुन्याच कप्प्यात राहते. नव्या नावाने शोधल्यास शोध बहुधा दुसऱ्याच कप्प्यात जातो. जुन्या नावाने शोधल्यास कप्पा बरोबर लागतो, पण तुलना जुळत नाही. नोंद मॅपमध्ये असूनही हरवते. म्हणून किल्लीचे घटक एकदाच निश्चित व्हावेत. ओळख बदलली तर जुनी नोंद काढून नव्या किल्लीने पुन्हा ठेवणे हीच योग्य रीत होय. पायथन भाषेने हा धडा नियमातच गुंफला आहे : तेथे अपरिवर्तनीय घटकांचा टपल शब्दकोशाची किल्ली होऊ शकतो, बदलणारी यादी होऊ शकत नाही.

देवनागरी मजकुराची एकरूपता

घटक मराठी मजकुराचे असल्यास आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. ‘कऱ्हाड’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जावाची मजकूर-तुलना मात्र त्यांना भिन्न मानते. त्यामुळे किल्ली घडवितानाच मजकूर प्रमाणरूपात आणावा. त्यासाठी ‘नॉर्मलायझर’ हा वर्ग २००६ च्या जावा ६ पासून उपलब्ध आहे. गावाच्या नावाऐवजी निश्चित सांकेतांक घेणे त्याहून सुरक्षित ठरते.

पर्यायी रचना

‘एका गावातील सर्व गट’ अशी मागणी वारंवार येत असेल, तर गावाच्या मॅपमध्ये गटांचा मॅप अशी द्विस्तरीय रचना सोयीची असते. क्रमवार मांडणी हवी असल्यास ट्रीमॅप वापरता येतो. परंतु तो समानता क्रमतुलनेवरूनच ठरवितो. तुलनेत गावाचा घटक राहून गेल्यास दोन गावांचे एकाच क्रमांकाचे गट एकच मानले जातात. लेखनश्रमही आता कमी झाले आहेत. २०११ च्या जावा ७ मध्ये अनेक घटकांचे एकत्रित हॅशमूल्य काढण्याची सोय आली आणि २०२१ च्या जावा १६ मध्ये ‘रेकॉर्ड’ ही रचना स्थायी झाली. तिच्यात समानता व हॅशमूल्य या दोन्ही पद्धती आपोआप मिळतात. तथापि रेकॉर्डचा एखादा घटक अ‍ॅरे असेल, तर त्याची तुलना आतील मूल्यांवरून होत नाही, हे विसरू नये.

समारोप

संयुक्त किल्ली घडविताना भाषेच्या नियमांआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : ही नोंद नेमकी कोणत्या घटकांनी ओळखली जाते? ते घटक परस्परांत न मिसळता ठेवावेत, समानता व हॅशमूल्य त्याच घटकांवर आधारावे, ते नंतर बदलू नयेत आणि मजकूर असल्यास तो एकरूप करावा. या गोष्टी पाळल्या नाहीत तरी प्रोग्रॅम बहुधा चालू राहतो, आणि धोका त्यातच आहे. चुकीच्या किल्लीने दिलेले उत्तर बरोबर उत्तरासारखेच दिसते; त्यातील चूक प्रथम कळते ती ज्याची नोंद हरवली त्याला. म्हणून वर्गात मॅप शिकविताना वेगाइतकेच महत्त्व ओळखीच्या अचूकतेलाही दिले गेले पाहिजे.